अथर्वच्या छातीवरची खाच

आमच्या अथर्वच्या छातीचं घरात सगळ्यांना फार कौतुक होतं.

तो सहा-सात महिन्यांचा होता तेव्हा त्याची छाती मधोमध पुढे आलेली दिसायची. इतर बाळांसारखी सपाट नाही, तर बोटीच्या पुढच्या बाजूसारखी थोडी टोकदार. माझे बाबा तरुणपणी गावच्या संघातून कबड्डी खेळायचे. अंघोळ झाली की ते नातवाला मांडीवर घ्यायचे आणि त्या छातीवर हलकेच बोट आपटून म्हणायचे, "ही बग छाती! हा चढाईला गेला ना, तर समोरचे गडी आपसूक मागं सरतील." माझी आय लगेच त्याच्या गालावर काजळाची तीट लावायची आणि बाबांना दटावायची, "तुमीच नजर लावाल पोराला."

मी अथर्वची आत्या. माझं नाव रेश्मा. हे सगळं घडलं तेव्हा मी भिवंडीच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. आम्ही भिवंडीजवळ अंजूरला राहतो. घरात आय, बाबा, माझा मोठा भाऊ दादूस, दर्शनावहिनी, मी आणि अथर्व. त्याचं नाव मीच ठेवलं. बारशाला आय म्हणाली होती, "असं नाव ठेवलंस, की हाक मारतानाच दात पडतील माझे." ती त्याला बाबू म्हणते.

लिहायला मी धजत नव्हते. अथर्व ज्या हॉस्पिटलात होता, तिथल्या वॉर्डातल्या एका तरुण डॉक्टरताईंनी आग्रह केला. त्या म्हणाल्या, "आमची पत्रकं लोक घडी घालून पिशवीत ठेवतात. तू घरातल्यासारखं लिही." मला औषधातलं काही कळत नाही. जे पाहिलं आणि जे आम्हाला समजावून सांगितलं, तेवढंच लिहिते आहे. काही चुकलं तर चूक माझी समजावी, डॉक्टरांची नाही.

दुपटं

छाती पुढे येत गेली, तशी खालच्या बरगड्यांवर एक आडवी खाच दिसायला लागली. दोन्ही बाजूंना. कुणी दोरी बांधून ठेवावी आणि ती सोडल्यावर वळ उरावा, तशी.

आमच्याकडे बाळाला अंघोळ घातली की धुरी देतात आणि दुपट्यात घट्ट गुंडाळून झोपवतात. हातपाय आत, फक्त तोंड बाहेर. असं बांधलं की बाळ दचकत नाही आणि गाढ झोपतं. खाच पाहून आयने सरळ अर्थ लावला, की दुपटं जास्त आवळलं गेलं आहे. अंघोळ आय घालायची, पण गुंडाळायचं काम वहिनीचं होतं. म्हणजे दोष वहिनीचा.

"किती आवलतेस गो? पोर हाय का कपड्याचा गठ्ठा?"

"सैलच बांधते मी, आय."

"मग ही खूण काय आपोआप उमटली?"

दुसऱ्या दिवसापासून दुपटं सैल झालं, मग बंदच झालं. झबल्याचे बंद काढून आयने तिथे बटणं लावली. कमरेचा काळा करगोटासुद्धा, खरं तर तो कितीतरी खाली होता, तरी कापला. खाच जाईना. उलट खोल होत गेली. आयला वाटलं, आपली पाठ वळली की वहिनी पुन्हा आवळून बांधते. त्या दोघींमध्ये बोलणं कमी होत गेलं. दादूस टेम्पो चालवतो, गोडाऊनचा माल भिवंडीत पोचवतो. तो रात्री घरी आला की दोघी त्याच्यासमोर वेगवेगळ्या भांड्यांचा आवाज करायच्या. तो बिचारा जेवून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचा.

आणखीही काही गोष्टी होत्या. झोपेत अथर्वच्या डोक्याला इतका घाम यायचा की उशी ओली व्हायची. शेजारच्या घरातली त्याच्याच वयाची मुलगी बसायला लागली होती. हा बसवला की कलंडायचा. दूध पिताना मध्येच दमून थांबायचा. पण घाम उकाड्याचा, कलंडणं आळसाचं आणि थांबणं लाडाचं, अशी प्रत्येकाची कारणं आमच्याकडे तयार होती. या सगळ्याचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं कुणाच्याच मनात आलं नाही. माझ्याही नाही.

मॅडमनी झबलं उघडलं

थंडीच्या दिवसांत अथर्वला सर्दी झाली. गावातल्या डॉक्टरांच्या औषधाने नाक वाहायचं थांबलं, पण श्वास जोरात चालूच राहिला. नाकपुड्या फुलायच्या. प्रत्येक श्वासाला ती खाच आत जायची आणि पोट वर यायचं. एका सकाळी त्याने दूधच घेतलं नाही. वहिनी त्याला पदराखाली घेऊन बसली होती आणि तो नुसता तोंड उघडून पाहत होता. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "रेश्मा, कॉलेज राहू दे आज."

आम्ही शेअर रिक्षाने भिवंडीला लहान मुलांच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. मी, वहिनी आणि आय. आय न बोलावता निघाली होती.

मॅडमनी झबल्याची बटणं काढली आणि हात न लावता नुसतं पाहत राहिल्या. मला तो वेळ फार मोठा वाटला. डॉक्टर आल्या आल्या नळी लावतात, असंच मी पाहिलेलं. मग त्यांनी बरगड्यांवरून एक बोट वरून खाली फिरवलं. मनगटं दाबून पाहिली. टाळूवर हात ठेवला.

"ही खाच कधीपासून आहे?"

आय लगेच पुढे झाली. "हिनं दुपटं आवलून बांधलं, म्हनून पडली."

मॅडमनी मान वर केली. "आजी, बांधून अशी खाच पडत नाही. कुणीच बांधलेली नाही ही. त्याची हाडं मऊ आहेत. श्वास घेताना आतला पडदा त्या मऊ बरगड्यांना आत ओढतो, म्हणून ती पडली आहे."

वहिनीने मान खाली घातली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते भीतीचं होतं की सुटल्याचं, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. बहुतेक दोन्हीचं असावं.

"आणि ही पुढे आलेली छाती?" मी विचारलं. "बाबा म्हणतात, ताकदीची आहे."

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "छाती हा त्याचा आजार नाही. आजार दुसरीकडे आहे, छाती फक्त ते सांगते आहे. अशा छातीमागे कधी काहीच नसतं, कधी श्वासनळीचं काही असतं, कधी हृदयाचं, कधी हाडांचं. याचं बहुतेक हाडांचं आहे. पण मला त्याच्या हृदयाचीही काळजी वाटते." मग त्यांनी आयला विचारलं, "बाळाला उन्हात ठेवता ना, आजी?"

"व्हय तर!" आय म्हणाली. "रोज तेल लावून कोवल्या उन्हात..."

आणि मध्येच थांबली.

मला कळलं ती का थांबली. दादूसला आणि मला तिने तसंच वाढवलं होतं. अंगणात चटई, तेलाची वाटी आणि उघडं बाळ. तेव्हा आमच्या घरासमोर शेत होतं. दादूसच्या लग्नाच्या वर्षी बाबांनी ते गोडाऊनसाठी भाड्याने दिलं. उंच पत्र्याची भिंत अंगणाच्या तोंडाशीच उभी राहिली. पूर्वेला ती आणि मागच्या बाजूला शेजाऱ्यांचं दोन मजली घर. अंगणात ऊन येणं थांबलं. ट्रकांची धूळ येते म्हणून खिडक्याही बंद झाल्या. अथर्वची अंघोळ आतल्या खोलीत ट्यूबलाइटखाली व्हायची. आय तेल तेच लावत होती, हातही तेच होते, त्यामुळे ऊनही तेच आहे असं तिला वाटत राहिलं.

"न्हाय ठेवत," ती हळूच म्हणाली. "आता ऊनच येत न्हाय आमच्याकडं."

मॅडमनी चिठ्ठी लिहून आम्हाला मुंबईच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात पाठवलं. म्हणाल्या, आजच जा. मी दादूसला फोन लावला. तो माल अर्धवट उतरवून टेम्पो घेऊन आला.

"तू शिकलेली ना?"

मुलांच्या वॉर्डात खाटा भिंतीला लागून होत्या आणि प्रत्येक खाटेखाली एक संसार. चटई, डबा, थर्मास, कपड्यांची पिशवी. पहाटे झाडू-पोछा, मग मोठ्या डॉक्टरांचा राउंड, मग रक्त घेणाऱ्या सिस्टर. रक्त घ्यायच्या वेळी वॉर्डातली सगळी मुलं एकदम रडायची. सुई एकालाच टोचलेली असली तरी.

तिथे मला पहिल्यांदा कॉलेजचं ओझं कळलं. डॉक्टर घाईत अर्धं इंग्रजी, अर्धं हिंदी बोलून जायचे आणि घरचे सगळे माझ्याकडे वळायचे.

"काय म्हनला तो?" बाबा विचारायचे.

"मला नीट कळलं नाही, बाबा."

"मग कालेजात काय करतेस?"

बाबांनी ते टोचून नाही विचारलं. त्यांना खरंच वाटत होतं की कॉलेजात हे शिकवत असतील. मी मराठी आणि भूगोल शिकत होते. भूगोलाच्या पेपरात मी पानभर लिहून आले होते, की आपल्या देशाला वर्षभर भरपूर सूर्यप्रकाश मिळतो. आणि आमच्याच घरातलं बाळ उन्हावाचून आजारी पडलं होतं. पहिले काही दिवस मला वाटत होतं, की डॉक्टरांचं काहीतरी चुकत असेल.

मग मी लाज सोडली. राउंडच्या वेळी मी त्या तरुण डॉक्टरताईंच्या मागे जायचे आणि म्हणायचे, "मला परत सांगाल का? सोपं करून?" त्या थकलेल्या असायच्या, तरी सांगायच्या. एकदा त्यांनी माझं बोट धरून अथर्वच्या बरगड्यांवरून फिरवलं. जिथे हाड आणि मऊ भाग जुळतो, तिथे ओळीने बारीक गाठी लागत होत्या. माळेच्या मण्यांसारख्या. बाजूला बसलेल्या आयने ते पाहिलं.

"हे मनी माझ्या बोटांना रोज लागायचे," ती म्हणाली. "मला वाटायचं, हाडं जाड हायत. मजबूत हायत."

डॉक्टरताई म्हणाल्या, "आजी, मलाही शिकण्याआधी तसंच वाटलं असतं."

एवढ्या एका वाक्याने आय त्या दिवशी जेवली.

सलाईन

हृदयाची सोनोग्राफी झाली तो दिवस सर्वांत वाईट होता. पडद्यावर एक करडी पिशवी हळूहळू हलत होती. मला वाटलं, हे हळू हलणं चांगलं असेल, शांत असेल. पण डॉक्टर एकमेकांकडे पाहत होते.

डॉक्टरताईंनी आम्हाला बाजूला घेतलं. उन्हातून मिळणारं ड जीवनसत्त्व अंगात नाही, म्हणून रक्तात कॅल्शियम फार कमी झालं आहे, म्हणाल्या. हाडांना पुरेसं नाही आणि हृदयालाही नाही. त्यामुळे हृदय दमून मोठं झालं आहे, धाप त्याचीच आहे. "हे भरून येऊ शकतं. खूप मुलांचं भरून येतं. पण पुढचे दोन-तीन दिवस मी तुम्हाला शब्द देऊ शकत नाही."

दादूस जिन्याकडे निघून गेला. बाबा तिथेच भिंतीला टेकून उभे राहिले. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मी त्या छातीवर बोट आपटत होतो गो, रेश्मा." मी त्यांच्या शेजारी उभी राहिले.

कॅल्शियमचं सलाईन फार सावकाश द्यावं लागतं. ते चालू असताना डॉक्टरताई स्टूल ओढून बसल्या आणि नळी छातीला लावून ठोके ऐकत राहिल्या. वहिनी खाटेच्या दुसऱ्या बाजूला होती. अथर्वची मूठ तिच्या बोटाभोवती होती.

शेजारच्या खाटेवर नजमाभाभी होती. तीही भिवंडीचीच. नवरा कापडाच्या लूमवर कामाला, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. तिच्या लेकीचं, झोयाचं, उलटं होतं. श्वास घेताना गळ्याखालची जागा आणि छातीचा मधला भाग आत खड्ड्यासारखा जायचा आणि शिट्टीसारखा आवाज यायचा. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, की श्वासनळीचा वरचा भाग नाजूक आहे, पोरगी मोठी होईल तसा तो घट्ट होईल. ती निर्धास्त होती आणि दुसऱ्यांना धीर द्यायचं काम तिने अंगावर घेतलं होतं.

सलाईन संपलं तेव्हा ती वहिनीला म्हणाली, "देख दर्शना, मेरी वाली अंदर खींचती है, तेरा वाला बाहर निकालता है. दोनों को मिला दें तो एक सीधी छाती बन जाएगी."

वहिनी हसली. हॉस्पिटलात आल्यापासून पहिल्यांदाच. डॉक्टरताईही हसल्या, आणि मग त्यांनाच आठवलं की आपण ठोके मोजत होतो.

आमचं आणि दादूसचं ठरलेलं होतं. त्याला धंद्यासाठी परत जावं लागायचं, म्हणून मी एसटीडी बूथवरून त्याच्या मोबाईलवर रिंग द्यायचे. एक मिस्ड कॉल म्हणजे ठीक. दोन म्हणजे ताबडतोब ये. ते दोन-तीन दिवस एक रिंग दिली की मी लगेच बूथमधून बाहेर पडायचे, चुकून दुसरी जाईल म्हणून. दुसरी द्यायची वेळ आली नाही. तिसऱ्या दिवशी अथर्व न थांबता दूध प्यायला आणि पिऊन झाल्यावर त्याने वहिनीच्या मंगळसूत्राला हात घातला. ते पाहून मी मुद्दाम तो फोन उचलेपर्यंत रिंग दिली आणि दादूसला सांगितलं, "तुझा पोरगा दागिने ओढतोय."

पलीकडून नुसता हॉर्न ऐकू आला. तो टेम्पो बाजूला घेऊन रडत होता, हे त्याने पुढे कधीतरी सांगितलं.

वहिनीची पाठ

त्यानंतर एके सकाळी मोठे डॉक्टर वहिनीला म्हणाले, "बाळ फक्त तुमच्या दुधावर आहे. आईच्या अंगातच ड जीवनसत्त्व नसेल तर बाळाला कुठून मिळणार? तुम्हाला काही दुखतं का? पाठ, मांड्या, कंबर?"

वहिनीने आयकडे पाहिलं आणि म्हणाली, "न्हाय, काय न्हाय."

वहिनीला कितीतरी महिन्यांपासून जमिनीवरून उठताना भिंत धरावी लागत होती. एक हात गुडघ्यावर, एक भिंतीवर, मग कण्हत उभी. भाकऱ्या थापून उठली की कंबर धरून तशीच थांबायची. बाळंतपणानंतर असं होतंच, म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं. आय तर म्हणायची, "सासू मी का तू? माझं वय झालंय, मी उठते, नि तू भिंत धरतेस." वहिनी त्यावर हसायची, मग हसायचीही बंद झाली होती.

आता आयच पुढे आली. तिने पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला, जसा ती पंचायतीत बोलायला उभी राहते तेव्हा ओढते.

"दुखतं तिला," ती डॉक्टरांना म्हणाली. "पाठ दुखते, मांड्या दुखतात. जमिनीवरून हात टेकल्याबिगर उठता येत न्हाय. जिना चढताना कठडा धरते. मी रोज बघते. मी तिला आळशी म्हनायची."

वहिनी म्हणाली, "आय, असू दे."

"असू दे कसं? डाक्टरला खरं सांगायचं असतं."

वहिनीचं रक्त तपासलं. तिच्या अंगातही ड जीवनसत्त्व जवळजवळ नव्हतंच. गरोदरपणापासून ती त्याच बंद घरात होती. स्वयंपाकघर, आतली खोली आणि पुन्हा स्वयंपाकघर. डॉक्टरताईंनी दोघांसाठी औषध दिलं. अथर्वला थेंब, वहिनीला दुधातून घ्यायची पावडर, आणि दोघांना कॅल्शियम. मी विचारलं, नुसत्या उन्हाने भागणार नाही का? त्या म्हणाल्या, "आता नाही. ऊन औषधाच्या जागी नाही, औषधाच्या जोडीला. हे लक्षात ठेव आणि गावात सांग."

म्हणजे बाळाच्या छातीवरच्या खाचेने आईचाही आजार दाखवून दिला. ज्या खाचेचा दोष आम्ही वहिनीला देत होतो, तिच्यामुळेच वहिनीकडे पहिल्यांदा कुणी नीट पाहिलं.

त्या संध्याकाळी आय वहिनीच्या मागे बसून तिच्या केसांना तेल लावत होती. नजमाभाभी म्हणाली, "सास हो तो ऐसी." आय म्हणाली, "हां, अभी हुई हूँ." आयचं हिंदी वॉर्डात सगळ्यांना आवडायचं.

गोडाऊनचा प्लॅटफॉर्म

घरी आलो तेव्हा ऊन कुठे शोधायचं हा प्रश्न होताच. रस्त्यावर ट्रक, छपरावर चढायला वहिनीला जमेना. बाबा दोन दिवस अंगणात उभं राहून त्या पत्र्याच्या भिंतीकडे पाहायचे. तिसऱ्या दिवशी ते टोपी घालून बाहेर पडले आणि गोडाऊनच्या सुपरवायझरला भेटायला गेले. मी सोबत होते.

गोडाऊनच्या पलीकडच्या बाजूला माल चढवायचा लांब सिमेंटचा ओटा आहे. तिकडे पूर्व मोकळी आहे, सकाळी तो सगळा ओटा उन्हात असतो. जमीन बाबांची, पण बाबा सुपरवायझरसमोर इतके संकोचले, जसे काही उधार मागायला आले आहेत.

"आमचा नातू आजारी हाय. सकाळी जरा वेळ इथं उन्हात बसवू का? कोपऱ्यात. तुमच्या कामात न्हाय येनार."

सुपरवायझर उत्तरेकडचे होते. त्यांनी बाबांना आधी खुर्ची दिली. म्हणाले, "काका, जगह आपकी है और इजाजत हमसे ले रहे हो?" मग हमालांना हाक मारून त्यांनी टोकाचा कोपरा झाडून घेतला आणि तिथे पुठ्ठ्याचे खोके उघडून अंथरले.

तेव्हापासून आमची सकाळ तिथे सुरू व्हायला लागली. आय तेलाची वाटी घेऊन यायची. अथर्व उघडा, डोक्याला फडकं. वहिनी पदर खांद्यावरून काढून, बाह्या वर करून पाय पसरून बसायची. पहिल्या दिवशी ती फार लाजली, इतके हमाल आजूबाजूला. आय म्हणाली, "बस गो. औषध घ्यायला कसली लाज?" हमाल त्या बाजूला पाहायचेच नाहीत. ट्रक मागे घेताना मात्र ओरडायचे, "आराम से! बच्चा है उधर!" ड्रायव्हर हॉर्न न वाजवता गाडी लावायचे. मी बाजूला बसून परीक्षेचा अभ्यास करायचे. त्या वर्षी माझे मार्क थोडे कमी आले, पण पास झाले.

दर तपासणीला हृदय थोडं लहान, थोडं जोमाने हलणारं दिसत गेलं. पावसाळा येऊन गेला. त्या दिवसांत ऊन मिळालं नाही, पण औषध एकही दिवस चुकलं नाही. पावसाळ्यानंतरच्या सोनोग्राफीला डॉक्टरताई पडद्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "रेश्मा, ये इकडे. आता हे इतर मुलांसारखंच आहे." मला पडद्यातलं अजूनही काही कळत नाही. पण ते आता हळू नव्हतं, टपाटपा चाललं होतं.

खाच अजून आहे. पुसट झाली आहे. वाढीबरोबर भरून येईल म्हणतात. नाही आली पूर्ण, तरी चालेल असं आम्ही ठरवलं आहे.

वाचणाऱ्या आयाबहिणींना मला एवढंच सांगावंसं वाटतं. बाळाला अंघोळ घालताना चांगल्या उजेडात त्याची छाती नीट पाहा. पुढे आलेली असेल, आत गेलेली असेल, खाच असेल, श्वासाला कातडी ओढली जात असेल, तर कुणी बांधलं, कुणी आवळलं यावर भांडत बसू नका. डॉक्टरांना दाखवा. काही नसलं तर हसत घरी याल. आणि बाळाच्या आईला विचारा, तुला काही दुखतं का. ती नाही म्हणेल. पुन्हा विचारा.

आता त्या सकाळचं सांगते आणि थांबते.

दिवाळी झाली होती. आम्ही सगळे ओट्यावर होतो, बाबासुद्धा. अथर्व उशिराच रांगायला लागला होता, त्याला थोडेच दिवस झाले होते. कापडाच्या एका गठ्ठ्याला धरून तो उभा राहिला आणि बाबांनी लगेच सुरू केलं, "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..." तो खदखदून हसला, गठ्ठा सोडला, बदकन खाली बसला आणि तडक ओट्याच्या कडेकडे रांगत सुटला. मी पुस्तक टाकून ओरडले. बाबांचा आवाज बंद झाला. पण आम्ही हलायच्या आतच वहिनी तिथे पोचली होती आणि तो तिच्या कडेवर पाय झाडत होता.

"कुठं चालला होता रे? चढाईला?" ती त्याला विचारत होती.

आम्ही सगळे अथर्वकडे पाहत होतो. आय मात्र जिथे वहिनी बसली होती त्या पुठ्ठ्याकडे पाहत होती. तिथे ना भिंत होती, ना धरायला काही.

"दर्शना," आय म्हणाली, "हात न टेकता उठलीस गो?"

वहिनीने मागे वळून त्या रिकाम्या पुठ्ठ्याकडे पाहिलं. मग आयकडे.

"व्हय की, आय," ती म्हणाली. "उठली मी."